इंटरनेटबंदीचा आदेश जनतेसमोर का येत नाही?

मा. संपादक,
स. न.

ऑगस्ट 2019 मध्ये काश्मीरमधील दळणवळण बंद झाले आणि तेथे वृत्तपत्र काढणे कठीण झाले. त्याविरुद्ध 'काश्मीर टाइम्स'च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 10 जानेवारी 2020 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, बेमुदत इंटरनेटबंदी बेकायदा आहे, आदेशात कारणे हवीत आणि तो प्रसिद्ध झालाच पाहिजे. सरकारवर हा मोठा अंकुश होता. पण सेवा सुरू करण्याचा आदेश न्यायालयाने स्वतः दिला नाही. मे 2020 मध्ये तेथे बंदच असलेल्या फोर-जी मोबाइल इंटरनेटचा प्रश्न पुन्हा समोर आला, तेव्हा तो केंद्रीय गृहसचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला. तक्रार ज्यांच्याविरुद्ध, निवाडाही त्यांच्याचकडे! फोर-जी परतले ते फेब्रुवारी 2021 मध्ये.

खरी अडचण वेळेची आहे. 2017 च्या नियमांनुसार (नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली) बंदीचा आदेश गृहसचिवांनी द्यायचा आणि आढावा समितीने पाच कामकाजी दिवसांत तो तपासायचा. आपल्याकडची बंदी मात्र बहुधा दहा तास, चोवीस तास किंवा फार तर दोन-तीन दिवसांची असते. समिती बसेपर्यंत सेवा सुरू झालेली असते आणि याचिका निरर्थक ठरते. शिवाय न्यायालयाने सांगूनही आदेश बहुधा जनतेसमोर येत नाही. त्याची प्रतच हाती नसेल, तर वकिलाने आव्हान कशाला द्यायचे?

राज्यातील आढावा समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृहखात्याबाहेरचे एक सचिव असतात, म्हणजे तिघेही सरकारी अधिकारी. निवृत्त न्यायाधीशांसारखे बाहेरचे सदस्य घ्यावेत, असे संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर 2021 मध्येच सुचवले होते. ते आजवर झालेले नाही. न्यायालयाने मनावर घेतले तर तातडीने दिलासा मिळतो, हे आसामात दिसले. सप्टेंबर 2024 मध्ये भरती परीक्षेसाठी झालेली बंदी गुवाहाटी उच्च न्यायालयाने रविवारी सुनावणी घेऊन उठवायला लावली.

जून 2023 मध्ये कोल्हापुरात आणि त्याच वर्षी मराठा आरक्षण आंदोलनात जालना-बीड भागात इंटरनेट बंद झाले. बंदी सुरू होताच गृह विभागाने आदेश संकेतस्थळावर टाकावा. क्षेत्र, सेवा, मुदत आणि कारण त्यात स्पष्ट असावे. 'अफवा पसरू नयेत म्हणून' एवढे मोघम कारण पुरेसे नाही. आपणही 'इंटरनेट सेवा बंद' एवढ्यावर न थांबता आदेशाचा क्रमांक, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि मुदत छापावी. आदेश मिळाला नसेल, तर तसे बातमीत स्पष्ट लिहावे.

— एक वाचक