गुब्बिओच्या बाईंना, खांद्याच्या नात्याने

प्रिय बाई,

सादर नमस्कार.

इटलीतल्या तुमच्या गुब्बिओत चार दिवस तुम्हांला 'सिन्योरा' म्हणत होते. पण हे पत्र मराठीत आहे, आणि शाळेत शिकवणाऱ्यांना आम्ही मराठीत 'बाई'च म्हणतो. जन्मभर लॅटिन शिकवलेल्या बाईंना दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही. निरोप घेताना तुम्हीच बजावलं होतंत, "आभार मानायचेच असतील तर तुझ्या भाषेत मान, मी कुणाकडून तरी वाचून घेईन." म्हणून मराठीत, आणि सगळ्यांसमोर.

१३ मेची ती रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो. तुमच्या गावाला रेल्वे नाही, रोम-अँकोना मार्गावरच्या फोस्सातो दि विकोला उतरून पुढे वीसेक किलोमीटर बसनं जायचं, एवढं मला ठाऊक होतं. गाडी उशिरा पोचली आणि शेवटची बस निघून गेली होती. त्यात जिथं खोली घेतली होती तिथून फोनवर सांगितलं की नोंद सापडत नाही आणि या आठवड्यात गावात कुठंच जागा मिळणार नाही. तुम्ही भाचीला गाडीवर सोडायला आला होतात. माझ्याकडे आणि माझ्या बॅगेकडे बघून एकच शब्द विचारलात, "चेरी?" म्हणजे, गावच्या १५ मेच्या सोहळ्याला आलीस का? मी मान हलवली. तुम्ही गाडीचं दार उघडलंत. नाव-गाव, किती दिवस, पैशांचं काय, काही विचारलं नाहीत. घरी पोचल्यावर तापलेल्या दगडावर भाजलेली क्रेशा पुढ्यात आली, आमच्या भाकरीपेक्षा जरा जाड आणि मऊ, आत चीज. त्या रात्री तो पहिला घास गिळताना मला रडू आलं होतं. तुम्ही पाहिलंत आणि पाहिलं नाहीसं केलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पालाझ्झो देई कोन्सोलीत नेलंत. चौदाव्या शतकातली ती दगडी इमारत डोंगराच्या कुशीत इतकी उंच उभी आहे की तिच्यासमोरचा चौक खालच्या घरांवर तरंगल्यासारखा वाटतो. मी वर बघत राहिले होते, पण तुम्हांला घाई होती ती काशाच्या सात पत्र्यांची. १४४४ साली सापडलेले आणि १४५६ मध्ये गावानं विकत घेतलेले ते इगुव्हियमचे, म्हणजे प्राचीन गुब्बिओचे, पत्रे. लॅटिन सगळीकडे पसरण्याआधी इथं जी उंब्रियन भाषा होती, तिच्यातले पूजेचे विधी त्यांवर कोरले आहेत. काही पत्र्यांवर अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात, काहींवर लॅटिन लिपी आहे. तुम्ही काचेवर बोट ठेवून एक ओळ माझ्याकडून म्हणवून घेतलीत: नेर्फ, वीरो, पेक्वो. देवाला घातलेलं गाऱ्हाणं ते. गावातली थोर माणसं, सामान्य माणसं, गुरंढोरं, शेतं, पिकं, सगळ्यांना सांभाळ. मी म्हटलं, बाई, नेर्फ म्हणजे आमचा नर, वीरो म्हणजे वीर, पेक्वो म्हणजे पशू! तुम्ही माझा दंडच धरलात. हे शब्द एकाच मुळाचे आहेत हे तुम्हांला पुस्तकातून माहीत होतं, पण ते आजही रोज बोलणारं माणूस तुमच्यासमोर पहिल्यांदाच उभं होतं. त्या म्युझियममध्ये आपण दोघींनी किती वेळ ते शब्द पुन्हापुन्हा म्हटले, बाकीची माणसं वळून बघत होती. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची ती ओळ पुस्तकात वाचली असती तर मी पान उलटून पुढे गेले असते.

त्याच इमारतीच्या दालनात तिन्ही चेरो आडवे ठेवले होते. चेरो (अनेक असले की चेरी) म्हणजे खरं तर मेणबत्ती. गुब्बिओचे बिशप उबाल्दो १६ मे ११६० ला गेले, आणि त्यांच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी गाव त्यांना मेण वाहायचं. त्या मेणाच्या जागी पुढे हे लाकडी खांब आले, एकेक माणसाच्या दुपटीहून उंच, प्रत्येकाचं वजन तीनशे किलोंच्या आसपास. पहिला संत उबाल्दोंचा, गवंड्यांचा, पिवळ्या सदऱ्यांचा. दुसरा संत जॉर्जोंचा, व्यापारी-कारागिरांचा, निळ्या सदऱ्यांचा. तिसरा संत अंतोनियोंचा, शेतकऱ्यांचा, काळ्या सदऱ्यांचा. त्या तिसऱ्याच्या दांड्यावर तुम्ही तळहात ठेवलात आणि म्हणालात, "इथं माझ्या नवऱ्याचा खांदा असायचा." ते त्याआधीच्या हिवाळ्यात गेले, हे मला तेव्हा कळलं.

बाहेरची माणसं या सोहळ्याला 'शर्यत' म्हणतात. मीही तसंच समजून आले होते. शर्यत नाहीच ही. उबाल्दो, जॉर्जो, अंतोनियो हा क्रम कधी बदलत नाही, कुणी कुणाच्या पुढे जायचं नसतं. मग बघायचं काय, हे तुम्ही शिकवलंत: चेरो सरळ राहतो का, दोघांत अंतर पडतं का, पळता पळता खांदा बदलताना हिसका बसतो का. चेरो कलला तर वर्षभर मान खाली. एवढं डोळ्यांना कळलं नसतं तर मी गर्दीचे फोटो काढून परत आले असते.

१५ तारखेची पहाट ढोलांनी उजाडली. मग मोठी घंटा सुरू झाली, ती वाजवणारे तिला हातापायांनी ढकलतात हे तुम्ही खिडकीतून ऐकता ऐकता सांगितलंत. सकाळी स्मशानात जाऊन गेलेल्या खांदेकऱ्यांना नमस्कार. दुपारी भरचौकात चेरो उभे केले, तेव्हा त्यांवर पाणी ओतून मातीची सुरई भिरकावून दिली गेली आणि लोक तुकड्यांसाठी तुटून पडले. तुमच्या शेजारच्या मुलानं हाताला खरचटून घेऊन एक तुकडा आणला, तो तुम्ही माझ्या मुठीत ठेवलात.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. संध्याकाळच्या धावेआधी चेरो गावभर फिरतात, म्हाताऱ्या झालेल्या आणि गेलेल्या खांदेकऱ्यांच्या दारी थांबतात. तुम्ही सकाळपासून काही बोलला नव्हतात. दारात टेबलावर पांढरं कापड, वाइन आणि पेले मांडून खुर्चीवर बसून होतात. काळे सदरे गल्लीच्या तोंडाशी दिसले तशा उठलात. समोरच्या छोट्याशा चौकात संत अंतोनियोंचा चेरो गरागरा फिरला. माणसांच्या चपला दगडावर घासल्याचा आवाज, त्यांचे श्वास, लाकडाची करकर, एवढंच ऐकू येत होतं. मग त्यांच्यातला एक जण, घामानं निथळत, तुमच्यापाशी आला आणि तुमचा हात त्यानं आपल्या खांद्यावर ठेवला. तुम्ही दुसऱ्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं होतंत.

बाई, माझे बाबा संगमेश्वर तालुक्यातले. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, आणि बाबांनी चाळीसेक वर्षं तिला खांदा दिला. त्यांच्या उजव्या खांद्यावरचा घट्टा लहानपणी मी बोटानं चाचपायची. आता त्यांना गुडघे साथ देत नाहीत. आमच्यात 'खांदा देणं' हा शब्द पालखीला वापरतात आणि शेवटच्या प्रवासालाही, हे मी त्या चौकात तुम्हांला सांगायला गेले, पण मला तुमची भाषा अपुरी पडली. ते इथं सांगतेय.

संध्याकाळी सहाला धाव सुटली. तिन्ही चेरो डोंगरावर संत उबाल्दोंच्या चर्चकडे, बाझिलिकाकडे गेले, पिवळ्या सदऱ्यांनी तिचं दार लावून घेतलं, अंधार पडल्यावर चेरोंवरच्या संतांच्या मूर्ती मशालींच्या उजेडात गाणी म्हणत खाली आल्या. हे सगळं मी तुमच्या शेजाऱ्यांच्या खांद्यांमधून, चवड्यांवर उभं राहून पाहिलं. सुखानं बसून बघायचं असेल तर त्या दिवशी गुब्बिओला जाऊ नये, असं मी इथल्या सगळ्यांना सांगते. ज्यांना उभं राहायचं आहे त्यांनी जरूर जावं.

तुमचे आभार कशाकशाचे मानू? खोलीचे, जेवणाचे, त्या ओळीचे, की घरातल्या माणसासारखं दारात उभं राहू दिलंत त्याचे? तुमच्या वर्षातला सगळ्यांत अवघड दिवस होता तो. परक्या बाईला तुम्ही त्या दिवशी दूर ठेवू शकला असतात.

सुरईचा तुकडा बाबांनी देवघरात ठेवलाय. यंदा पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा आईनं ओटी भरली, गाऱ्हाणं घातलं गेलं, आणि मी मनातल्या मनात वीरो, पेक्वो म्हणून घेतलं. बाबा ओट्यावर बसले होते. पालखी नाचवणारी पोरं त्यांच्यासमोर थांबली आणि दांडा खाली करून त्यांच्या खांद्याला टेकवला. तुमच्या चौकाची गोष्ट मी त्यांतल्या एकाला सांगून ठेवली होती.

बाबा विचारतात, त्या बाई कधी येणार? फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास या, शिमगा तेव्हाच असतो. माडीवरची खोली तुमचीच. संगमेश्वर रोड स्टेशनवर उतरा, शेवटची बस गेलेली असली तरी हरकत नाही, गाडी घेऊन मी उभी असेन.

तुमची,
त्या रात्रीची पाहुणी