नातीची फ्रेंच शाळा आणि घरातली मराठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाटण तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये ३४ वर्षे पाचवी ते सातवीच्या वर्गांना शिकवून मी निवृत्त झालो. गेल्या ऑगस्टपासून कॅनडातल्या ब्रॅम्प्टन शहरात मुलाकडे राहतो आहे. आपला अंक इथे रोज मोबाईलवर वाचतो. परदेशातल्या नातवंडांची मराठी सुटत चालली, अशी काळजी करणारी पत्रे आपण अधूनमधून छापता. त्याच नातवंडांच्या शाळेतल्या एका अडचणीबद्दल मला लिहायचे आहे, कारण त्या अडचणीत आपली मराठी कामाला आली, हे मी डोळ्यांनी पाहिले.

माझी नात सातवीत आहे. घरी मराठी, मैत्रिणींशी इंग्रजी आणि शाळेत अर्धा दिवस फ्रेंच. याला इथे फ्रेंच इमर्शन म्हणतात. यात फ्रेंच भाषा तर शिकवतातच, शिवाय इतिहास, भूगोल, विज्ञान यांसारखे विषयही फ्रेंचमधून शिकवतात. कोणते विषय, ते शाळेनुसार बदलते. आमच्या ओंटारिओ प्रांतात इमर्शनच्या मुलाचे आठवी संपेपर्यंत किमान ३,८०० तास फ्रेंचमधून शिकणे व्हावे लागते. देशभरात चार लाखांहून अधिक मुले असे शिकतात. १९६९च्या कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा केंद्र सरकारच्या राजभाषा झाल्या. दोन्ही आल्या तर पुढे नोकरीला बरे, म्हणून आपली मराठी कुटुंबेही मुलांना इकडे घालतात. प्रवेशाच्या वेळी पालकांना सांगितले जाते, ‘तुम्हाला फ्रेंच येत नसले तरी चालेल.’ पहिली-दुसरीत ते खरेही असते. गाणी, गोष्टी, चित्रे यांत मूल आपसूक भाषा उचलते.

सातवीत मात्र चित्र बदलते. शाळा बदलते, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात. सहावीपर्यंत प्रगतिपुस्तकात ए, बी, सी अशा श्रेणी असतात, सातवीपासून टक्के येतात. आणि पुस्तकाची भाषा गोष्टीची राहत नाही. व्याख्या, कारणे, तुलना, निष्कर्ष सुरू होतात. बारा वर्षांचे वय असे, की चारचौघांत चुकायची लाज वाटते. नात सांगते, वर्गात सगळे बाईंना फ्रेंचमधून उत्तर देतात आणि बाईंची पाठ वळली की एकमेकांशी इंग्रजीत बोलतात.

नोव्हेंबरमध्ये पहिला प्रगती अहवाल आला. विज्ञान आणि इतिहास, दोन्हींपुढे ‘अडचणीने प्रगती’ असा शेरा. सून आणि मी शाळेत गेलो. भेटीला पंधरा मिनिटे ठरलेली. बाई तळमळीने बोलत होत्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सल्ला एकच मिळाला: मुलीला इंग्रजी तुकडीत हलवा. सुनेने विचारले, ‘जास्तीची मदत काही मिळेल का?’ उत्तर आले की मदतीच्या शिक्षिका आहेत, पण त्या इंग्रजीतून शिकवतात. म्हणजे मदत हवी असेल तर आधी वर्ग सोडायचा. मला हे पटले नाही, आजही पटत नाही. फ्रेंच शिकवणाऱ्या शिक्षकांचा इथे तुटवडा आहे, हे मला ठाऊक आहे. देशाच्या राजभाषा आयुक्तांनी २०१९मध्ये त्यावर अहवालच काढला होता. तरीही सहा वर्षे मुलाला एका वाटेने चालवायचे आणि पहिला चढ लागला की परत फिर म्हणायचे, याला मी शिकवणे म्हणणार नाही.

घरी आल्यावर नातीला म्हटले, ‘तुझं विज्ञानाचं पुस्तक आण आणि मला मोठ्याने वाचून दाखव.’ तिने अख्खे पान न अडखळता वाचले. मला एक शब्द कळला नाही, पण कुठे अडली नाही एवढे कळले. मग म्हटले, ‘आता पुस्तक मिट आणि काय वाचलंस ते मराठीत सांग.’ ती गप्प झाली. इंग्रजीत सांग म्हटले, तरी गप्पच. थोड्या वेळाने म्हणाली, ‘आबा, मला वाचता येतं, पण आत काय आहे ते धरता येत नाही.’

त्या क्षणी मला माझ्या शाळेतली मुले आठवली. आमच्याकडे सेमी-इंग्रजी सुरू झाले तेव्हाची. ‘फोटोसिंथेसिस इज द प्रोसेस’ पासून शेवटच्या शब्दापर्यंत खडाखडा म्हणणारा मुलगा, आणि खिडकीबाहेरच्या पिंपळाकडे बोट दाखवून ‘तो काय करतोय आत्ता?’ विचारले की डोके खाजवणारा तोच मुलगा. स्पष्ट वाचनामुळे शिक्षकही फसतात आणि पालकही. मीही पहिली दोन वर्षे फसलो होतो, म्हणून हे ठामपणे लिहितो.

धडा मिश्रणे आणि द्रावणांचा होता. फ्रेंचमध्ये ‘सोल्यूते’ आणि ‘सोल्वाँ’. दोन्ही शब्द तिच्या कानाला सारखेच, त्यामुळे कुठला कोणता याचा गोंधळ. मी आपले शब्द दिले: विरघळते ते द्राव्य, विरघळवते ते द्रावक, दोन्ही मिळून द्रावण. एका पेल्यात मीठ, दुसऱ्यात वाळू घातली. चमचा तिच्या हातात दिला आणि बोलायला लावले. द्राव्य आणि द्रावक मनात पक्के बसल्यावर फ्रेंच शब्द त्यांच्यावर नुसते लावायचे राहिले. दहा मिनिटांचे काम. टोरांटोचे भाषातज्ज्ञ जिम कमिन्स गेली चाळीसहून अधिक वर्षे हेच मांडत आले आहेत, की भाषा वरून वेगळ्या दिसल्या तरी खाली समज एकच असते आणि घरच्या भाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत नेता येते. मला ते ग्रंथालयात वाचायला नंतर मिळाले, पेला आणि मीठ आधी.

तेव्हापासून आमचा रोजचा अर्धा तास ठरला. ती एक परिच्छेद वाचते, पुस्तक मिटते आणि मला मराठीत सांगते. मराठी अडली की इंग्रजी शब्द घालते, मी हरकत घेत नाही. मी खुळ्यासारखे वाटतील असे प्रश्न मुद्दाम विचारतो. शेवटी तिने त्याच परिच्छेदावर स्वतःची तीन वाक्ये फ्रेंचमध्ये लिहायची. ही तीन वाक्ये मी सोडू देत नाही. इमर्शनची मुले ऐकून-वाचून समजण्यात पुढे जातात, बोलण्या-लिहिण्यात मागे राहतात, हे इथल्या भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५मध्येच दाखवले होते. कारण सरळ आहे, मुलांना फ्रेंच तोंडातून आणि हातातून काढायला फारसे कोणी लावत नाही. सगळा गृहपाठ मोबाईलच्या भाषांतरात टाकून उतरवायची सवय वर्गात पसरली आहे, असेही नात सांगते. तीन वाक्ये चुकीची असली तरी तिची असतात. त्यातल्या चुका मला कळत नाहीत, त्या बाई पाहतात.

शंभर पानी वही आणून चार रकाने आखले: फ्रेंच शब्द, ‘ल’ की ‘ला’ (पुल्लिंगी शब्दाआधी ‘ल’, स्त्रीलिंगी शब्दाआधी ‘ला’), इंग्रजी, मराठी. लिंगाचा तिला फार कंटाळा यायचा. मी म्हटले, ‘ती खुर्ची, तो पंखा हे तू कधी पाठ केलंस?’ शोधून पाहिले तर फ्रेंचमध्येही खुर्ची स्त्रीलिंगी आणि पंखा पुल्लिंगी निघाला. सगळीकडे असे जुळत नाही, आणि आपली तीन लिंगे, त्यांची दोन. पण वस्तूला लिंग असते याचे तिला नवल उरले नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरकही तिला घरातूनच माहीत होता. अंकांचे तर मलाच भरून आले. इतिहासाच्या पुस्तकात १७९१ साल होते. ती वाचत होती, ‘कात्र-व्हँ-ओंझ’. विचारले, म्हणजे काय? म्हणाली, ‘चार वेळा वीस आणि अकरा.’ माझी आई पाटणच्या बाजारात अंडी विकून याच हिशेबाने पैसे मोजायची, चार इसा अकरा म्हणजे एक्याण्णव. ती शाळेत गेली नव्हती. नातीने वहीच्या कव्हरवर ‘चार इसा अकरा’ लिहून ठेवले आहे.

इतिहासात अकेडियन लोकांचा धडा होता. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियात वसलेले हे फ्रेंच भाषिक शेतकरी. १७५५पासून ब्रिटिशांनी त्यांना सैनिक लावून हुसकावले, घरे जाळली, माणसांना जहाजांत भरून पाठवले, कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली. नातीने धडा चार ओळींत उरकला होता. मी तिला माझ्या आजोळची गोष्ट सांगितली. ते गाव आज कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. दोन्ही घटना एक नाहीत, नोव्हा स्कोशियात बंदुका होत्या आणि कोयनेत धरण होते, हेही बोललो. पण उंबरा सोडताना माणूस काय उचलतो, काय मागे ठेवतो, यावर आम्ही तासभर बोललो. नंतर तिने फ्रेंचमध्ये दीड पान लिहिले. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवले.

फेब्रुवारीत विज्ञानात ६४ आणि इतिहासात ७१ टक्के मिळाले. फार मोठे यश नाही. पुढच्या वर्षी काय, ते अजून ठरलेले नाही. आणि एक सांगायलाच हवे. जे मूल रोज रात्री रडते, जेवत नाही, त्याला इंग्रजी तुकडीत हलवणे हा पराभव नाही. ओंटारिओत आठवीपर्यंत फ्रेंच विषय सक्तीचा आहेच, माध्यमिक शाळेतही निदान एक वर्ष घ्यावा लागतो. पण हलवण्याआधी मदत देऊन पाहिली पाहिजे, आणि ती मूल ज्या वर्गात आहे तिथेच, त्याच भाषेत मिळाली पाहिजे. पालकांनी हे लेखी मागावे. इमर्शन मुळात पालकांनीच मागून आणले आहे. माँट्रियलजवळच्या सेंट-लॅम्बर्टमधल्या इंग्रजी भाषिक आई-वडिलांनी शिक्षण मंडळाच्या मागे लागून सप्टेंबर १९६५मध्ये पहिला वर्ग सुरू करवला. मागितल्याशिवाय तेव्हाही मिळाले नव्हते.

इथल्या मराठी मंडळांना माझी एक सूचना आहे. ओंटारिओत बारावी पास व्हायला प्रत्येक विद्यार्थ्याला ४० तास समाजसेवा करावी लागते. आपल्या मंडळांत अकरावी-बारावीची इमर्शनची मुले-मुली आहेत. शाळेची मान्यता घेऊन त्यांनी हे तास आपल्याच सातवी-आठवीच्या मुलांसोबत फ्रेंच वाचण्यात घालवावेत. बाराव्या वर्षी मोठ्यांपुढे बोलायला मुले लाजतात, सोळा वर्षांच्या ताईपुढे बोलतात. आमच्या भागात दोन ताया तयार झाल्या आहेत, शनिवारी ग्रंथालयातले एक टेबल मिळाले आहे.

आणि महाराष्ट्रातल्या माझ्या वयाच्या वाचकांना विनंती आहे. व्हिडिओ कॉलवर नातवंडांना ‘फ्रेंच कशाला शिकतोस?’ असे विचारू नका. ‘आज काय शिकलास, मला समजावून सांग,’ असे विचारा. सेमी-इंग्रजीत शिकणारे मूल आपल्याच घरात असेल तर त्यालाही हेच विचारा. त्याची आई शेतावरून दमून आलेली असेल, तिला इंग्रजी येत नसेल, तरी तिला हा प्रश्न विचारता येतो.

जूनमध्ये मी कराडला परततो आहे. सप्टेंबरमध्ये शाळा उघडली की तिथे सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेचार. बस यायच्या आधी नात वीस मिनिटे मला धडा सांगणार आहे. आठवीत विज्ञानाला पेशी आहेत, तिने पुस्तक चाळून पाहिले आहे. मी माझे जुने सातवी-आठवीचे विज्ञान माळ्यावरून काढून ठेवायला धाकट्या मुलाला सांगितले आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
कराड (सध्या ब्रॅम्प्टन, कॅनडा)