दोरापासून परत

कुरेपिप, मॉरिशस
22 जानेवारी

तीर्थरूप अप्पांस,
साष्टांग नमस्कार.

तिळगूळ पोचला. वाटेत उकाड्याने सगळ्या वड्या मिळून एकच मोठी वडी झाली आहे, सुरीने कापून खातो. तुमच्याकडे अजून स्वेटर चालू असतील. इथे भर उन्हाळा. या दिवसांत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. माणसाची सावली त्याच्याच बुटाखाली जाते.

गेल्या रविवारी पिटॉन द ला पेतित रिव्हिएर न्वारला गेलो होतो. नाव लांबलचक आहे, डोंगर तसा बुटका. या बेटावरचं सगळ्यात उंच शिखर, 828 मीटर. कळसूबाई 1646. शिवाय प्लेन शांपान्यच्या रस्त्यावर गाडी लावतो तिथेच आपण बरेच वर आलेले असतो. म्हणजे उरलं पर्वतीएवढं. मी घरमालकांच्या मुलाला म्हटलं, दहाला निघू, आधी इडल्या खाऊ. तो काही बोलला नाही. इथली माणसं पाहुण्याला 'तुझं चुकतंय' असं तोंडावर म्हणत नाहीत.

गाडीतला काटा 29 दाखवत होता. पुण्यात चाळीस बघितलेल्या माणसाला 29 म्हणजे काय! दोघांत मिळून चार लिटर पाणी घेतलं. माझं दोन लिटर दुपारी साडेबारालाच अर्ध्या लिटरवर आलं.

कारण सांगतो. आपल्याकडे एप्रिलात डोंगर वाळलेला असतो, कारवीच्या काड्या उरलेल्या, ऊन दिसतं, माणूस आपोआप जपून असतो. इथे सगळं हिरवंगार. वाटेच्या दोन्ही बाजूंना चिनी पेरूचं रान आहे. नाव चिनी, झाड मूळचं ब्राझीलकडचं, माणसांनी इथे आणून लावलं. खोड आपल्या मनगटाएवढं, गुळगुळीत, साल कागदासारखी सोललेली, आणि दोन खोडांमध्ये हात जाईल एवढीच फट. फळं माकडं आणि डुकरं खातात आणि बिया रानभर करतात. या दाटीखाली इथलं मूळचं रान गुदमरलं आहे. पेट्रिनजवळ कुंपण घालून, पेरू उपटून, थोडं जुनं रान राखलंय, त्यात आबनूसाची झाडं आहेत. तुम्हाला ते आवडेल. बाकी सगळीकडे पेरूचंच राज्य. पानं चकचकीत, सावलीही आहे, पण आत वारा म्हणून नाही. घाम येतो तो वाळतच नाही, शर्ट पिळून पुन्हा घालायचा. मोरीत गरम पाण्याची बादली सांडून दार लावून घ्यावं, तसं.

सवयीप्रमाणे मी काठी आपटत चाललो होतो. मालकांचा मुलगा विचारतो, हे काय? म्हटलं, साप. तो हसून वाटेतच बसला. इथे विषारी साप नाहीत. मला काही ते पटेना, मी आपटतच राहिलो, आणि त्या आपटण्यानेच घात केला. एका खालच्या फांदीला काठी लागली आणि पुढून तो ओरडला, "मुस झोन!" म्हणजे पिवळी माशी, आपली गांधीलमाशीच. पोळं वाटीएवढं, पानामागे. पळायला जागा कुठे? पेरूच्या खोडांत खांदे अडकले. डाव्या कानाला एक आणि मानेला एक. कान पापडासारखा गरम झाला.

मध्ये एका धारेवर रान उघडतं. एका बाजूला काळ्या नदीची दरी, दुसरीकडे शामारेलची बाजू. दरीत लांब शेपटीचा एक पांढरा पक्षी संथ घिरट्या घालत होता. तिथे बसून डाळपुरी खाल्ली. डाळपुरी म्हणजे पुरणपोळीतला गूळ काढून टाकला तर जे उरेल ते. वाईट नाही, पण पहिल्या घासाला फसल्यासारखं होतं.

पुढे वाट जरा उतरते आणि मग शिखराचा शेवटचा चढ उभा राहतो, सरळ अंगावर. मुळं, लाल चिखल, धरायला बांधलेले दोर. वीसेक मिनिटांचं काम, असं तो म्हणाला. दोराला हात घातला आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या उकाड्यात थंडी वाजल्यासारखं. पोटरीत गोळा, कपाळ ठणकतंय. वर चाललेली दोन माणसं म्हणाली, आता आलंच की! मी दोर धरून उभा राहिलो. अप्पा, तेव्हा मला राजगड आठवला. बालेकिल्ल्याच्या कातळापाशी बंड्याचं तोंड लालबुंद झालं होतं आणि तुम्ही आम्हा सगळ्यांना परत फिरवलं होतं. मी गुंजवण्यापर्यंत तोंड फुगवून उतरलो. खाली तुम्ही ताक घेऊन दिलंत तेही प्यायलो नाही.

दोर सोडला. मुलाने मला सावलीत आडवं केलं, टोपी ओली करून मानेवर ठेवली, आणि गातो पिमा, म्हणजे चणाडाळीचे खारट वडे, घोटघोट पाण्याबरोबर खायला लावले. पाऊण तासाने थरथर थांबली. त्याला म्हटलं, तू जाऊन ये. नाही गेला. वरून ल मोर्नचा डोंगर आणि लगूनचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राचा, निळा रंग दिसतो म्हणतात. मला खोडांच्या फटीतून आगपेटीएवढा निळा तुकडा दिसला.

घरी आल्यावर मालकीणबाई कान बघून म्हणाल्या, "तो फू?" मी मागे वळून बघितलं, तो कोण? क्रेओल या इथल्या बोलीत 'तो' म्हणजे 'तू' आणि 'फू' म्हणजे वेडा. या घराचे पूर्वज कोकणातून ऊसतोडीला आलेले. मराठी आता आरतीपुरती उरली आहे, पण रागावणं थेट आईसारखं.

तुम्ही दोघं मे-जूनमध्ये याल तेव्हा इथे थंडी सुरू झालेली असेल आणि हे पेरूही पिकतील, लालबुंद, सुपारीपेक्षा थोडे मोठे, आंबटगोड. तेव्हा जाऊ. सहाला निघायचं, माणशी तीन लिटर पाणी. कॅनव्हासचे जुने बूट आणू नका, चिखलात तळ निघेल. परत कुठून फिरायचं ते तुम्हीच ठरवा.

बंड्याला आशीर्वाद, आईला नमस्कार.

तुमचा,
राजू

ता. क. आईला पत्र वाचून दाखवताना गांधीलमाशीचं तेवढं गाळा. कान आता बराच उतरला आहे.