महत्त्वाकांक्षा नेमकी कोणाची?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात नुकतीच एका दांपत्याची बातमी वाचली. पती एका पक्षाच्या आणि पत्नी दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारीच्या खटपटीत असल्याने घरात ताण आहे, एवढाच तिचा आशय होता. मथळा मात्र ‘पत्नीच्या महत्त्वाकांक्षेने संसारात ठिणगी’ असा होता. पतिराज याआधी दोन वेळा निवडणूक लढवून झालेले आहेत, ही माहिती बातमीच्या शेवटच्या ओळीत होती. त्या मथळ्याबद्दल हे पत्र आहे.

मी कन्नडचा मतदार असल्यामुळे हा विषय मला नवा नाही. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत आमच्याकडे शिवसेनेच्या (शिंदे) संजना जाधव आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव, म्हणजे दुरावलेले पती-पत्नी, समोरासमोर उभे होते. आपल्याकडे विवाहितेच्या नावात मध्ये पतीचे नाव येते. त्यामुळे मतदान यंत्रावर हर्षवर्धन हे नाव एकदा उमेदवाराचे म्हणून आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या नावाचा भाग म्हणून, असे दोनदा आले. रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या एक आजीबाई म्हणाल्या, “नाव एक अन् बटनं दोन. कोनतं बी दाबलं तरी मत घरातच ऱ्हातंय म्हना की!” सगळी रांग हसली, मीही हसलो. घरी येताना मात्र जाणवले की प्रचाराच्या त्या दिवसांत चहाच्या टपरीपासून एसटी स्टँडपर्यंत आम्ही दुसरे काही बोललोच नव्हतो. आमच्या औट्रम घाटातून जड वाहनांची वाहतूक ऑगस्ट 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली आणि ज्या बोगद्याची वाट पाहत एक पिढी म्हातारी झाली तो कागदावरच राहिला. त्यावर कोणाचे काय म्हणणे आहे, हे मला दोन्ही उमेदवारांच्या प्रचारातून आठवत नाही. कोण कोणाला काय बोलले, सभेत कोण रडले, हे मात्र शब्दन् शब्द आठवते. दोष एकट्या वृत्तपत्रांचा नाही; आम्हीही ते चवीने वाचत होतो.

आता महत्त्वाकांक्षेचे. हर्षवर्धन जाधव 2009 साली मनसेचे आमदार झाले, 2014 साली शिवसेनेचे. 2019 ची लोकसभा त्यांनी औरंगाबादमधून ट्रॅक्टर चिन्हावर लढवली आणि पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली. शिवसेनेचे चंद्रकांत खैरे त्या निवडणुकीत पाच हजारांपेक्षा कमी मतांनी हरले आणि मित्रपक्ष भाजपचे नेते व संजनाताईंचे वडील रावसाहेब दानवे यांनी जावयाला मदत केली, असा आरोप त्यांनी उघडपणे केला. पुढे जाधव भारत राष्ट्र समितीतही जाऊन आले. हा सगळा प्रवास बातम्यांत ‘आक्रमक नेता’, ‘बेधडक’, ‘राजकीय खेळी’ अशा शब्दांनी सांगितला गेला. सासरे-जावई या नात्यावर रकानेच्या रकाने भरले. ज्यांच्यामुळे ते नाते जुळले त्या संजनाताईंना तेव्हा कोणी काही विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांनी स्वतः अर्ज भरला, तेव्हा कुठे ‘महत्त्वाकांक्षा’ हा शब्द बाहेर आला.

त्यांची उमेदवारी घराण्याच्या बळाशिवाय झाली, असे मी म्हणणार नाही. माहेरचे वजन होतेच. भाऊ भोकरदनला भाजपकडून आणि बहीण कन्नडला शिवसेनेकडून, अशी वाटणी दानवेंच्या घरात झाली, हे अख्ख्या मराठवाड्याला ठाऊक आहे. त्यावर जरूर लिहावे, कारण तिकिटे घरातल्या घरात कशी फिरतात हा सार्वजनिक प्रश्न आहे. संजनाताई अठरा हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या, हर्षवर्धन दुसरे राहिले आणि मावळते आमदार उदयसिंह राजपूत तिसरे. दुसऱ्या दिवशी मात्र ‘बायकोने नवऱ्याला हरवले’ हीच बातमी होती.

त्याच वर्षी पश्चिम बंगालमधल्या बिष्णुपूर लोकसभा मतदारसंघात जवळजवळ हेच घडले. तिथले सौमित्र खान हे 2011 साली काँग्रेसचे आमदार, 2014 साली तृणमूलचे खासदार आणि 2019 पासून भाजपचे. 2019 च्या प्रचारात न्यायालयाच्या निर्बंधामुळे त्यांना बांकुरा जिल्ह्यात पाऊल ठेवता येत नव्हते आणि मतदारसंघाचा बहुतेक भाग त्याच जिल्ह्यात. तेव्हा पत्नी सुजाता मंडल गावोगाव फिरल्या, सभा घेतल्या, पतीसाठी मते मागितली आणि सौमित्र सुमारे 78 हजार मतांनी निवडून आले. तोवर त्या आदर्श पत्नी होत्या. आपल्या कष्टांची पक्षाने कदर केली नाही, असे म्हणत 21 डिसेंबर 2020 रोजी त्या तृणमूलमध्ये गेल्या. त्याच दिवशी पतीने पत्रकार परिषद बोलावली, डोळ्यांत पाणी आणून घटस्फोटाची नोटीस पाठवणार असल्याचे सांगितले आणि आपले आडनाव यापुढे लावू नये, असेही बजावले. सौमित्र यांनी स्वतः तोवर दोन वेळा पक्ष बदलला होता आणि त्यावरून काही संसार मोडला नव्हता! 2024 साली सुजाता त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास मतांनी हरल्या. ज्या गावांत त्यांनी पाच वर्षांपूर्वी सौमित्र यांच्यासाठी मते मागितली, तीच ही गावे. डोळ्यांतले पाणी कन्नडच्या सभेतही दिसले आणि कोलकात्याच्या पत्रकार परिषदेतही. पण पुरुषाच्या अश्रूंना आपण दुखावलेपण म्हणतो आणि बाईच्या अश्रूंना ‘भावनिक कार्ड’.

उमेदवारांच्या घरात डोकावूच नये, असे माझे म्हणणे नाही. शपथपत्राच्या नमुना 26 मध्ये पती किंवा पत्नीची मालमत्ता, कर्जे आणि प्राप्तिकर विवरणपत्रांचा तपशील यांसाठी स्वतंत्र रकाना असतो, आणि तो वाचण्याचा मतदाराला पूर्ण हक्क आहे. आपल्या बातमीदाराने त्या दांपत्याची शपथपत्रे शेजारी शेजारी ठेवून बातमी केली असती, तर मी ती कात्रण काढून जपून ठेवली असती.

जाता जाता आमच्या गल्लीतल्या एका फलकाबद्दल सांगतो. प्रभाग महिलांसाठी राखीव आहे. फलकावर उमेदवार बाईंचे छायाचित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे, त्यांच्या नावामागे ‘सौ.’, आणि हात जोडून उभ्या असलेल्या यजमानांचे छायाचित्र पुरुषभर उंचीचे. प्रचाराच्या रिक्षातून आवाजही त्यांचाच येतो. त्या घरात ताण असल्याची किंवा कोणाची महत्त्वाकांक्षा बळावल्याची बातमी आपल्या अंकात अजून आलेली नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, कन्नड