कोरडा बोअर

औसा,
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय दत्त्या,

परवा फोनवर तू "बरा हायस का?" विचारलंस आणि मी "हाव" म्हणून मोकळा झालो. ते खोटं होतं गड्या.

मार्चात बोअर घेतला. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवली. सहाशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा. दीड लाख मातीत. त्याचंही एक वेळ सोसलं असतं, पण तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते. उत्तरेच्या बांधाला का नाही घेतला? मीच असा कसा? पुढच्या वर्षी ठिबक करावं का, हा विचार पाच मिनिटांत संपतो. "मीच असा कसा"ला तळच नाही, त्या बोअरसारखा. बायको आधी ऐकायची, आता कूस बदलते. हाटेलात मी बसलो की मंडळी लगेच सोयाबीनचा भाव काढतात.

पोरगी बीएला मानसशास्त्र घेऊन आहे. तिनं सुझन नोलन-होक्सेमा या बाईंचं काम सांगितलं. १९८९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात भूकंप झाला. त्याआधीच योगायोगानं बाईंनी स्टॅनफर्डच्या पोरांची मनं तपासून ठेवली होती. जी आधीपासून आपलंच दुःख उगाळत बसायची, ती भूकंपानंतर जास्त खचली. आपल्याकडं म्हणतातच, कोळसा उगाळावा तितका काळाच. पण माझं लक्ष गेलं ते त्यांच्या १९९९ च्या अभ्यासाकडं. जवळचं माणूस गेलेल्यांत उगाळणारे आधार जास्त शोधतात, मिळाला तर त्यांना गुणही जास्त येतो, पण आपल्याला तो कमीच मिळाला असं तेच सांगतात. मला हाटेलातली मंडळी आठवली.

भूकंप म्हटल्यावर किल्लारी आलीच. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून आलेलो, आपण चौथीत. माळवदं बसली तरी पत्र्याच्या शेडात बाया रात्र रात्र एकमेकींपाशी बसायच्या. पुढं नवं गाव झालं, सरळ रस्ते, पक्की घरं. आई मात्र म्हणायची, "घर मिळालं, शेजार गेला." ओसरीवरून हाक मारली की येणारी मावशी तीन रस्ते पल्याड गेली होती.

गेल्या आठवड्यात चुलते आले. बोअरच्या तोंडावर दगड ठेवलाय, त्याच्याशेजारी टेकले. माझं सगळं ऐकलं. मध्ये एकदाही "जाऊ दे" म्हणाले नाहीत. मग उठून म्हणाले, "तुरीला अळी लागलीय माझ्या, पंप घे, चल." संध्याकाळपर्यंत फवारलं. त्या रात्री पहाटेपर्यंत झोपलो.

तू ये. सल्ला देऊ नको. एकदा पुरतं ऐकून घे, आणि मी तिसऱ्यांदा तेच सुरू केलं तर सरळ शिवी दे.

तुझा,
बंडू