पत्त्यातून ‘दाभाडे’ गाळू नका

महोदय,

गेल्या आठवड्यात भाच्याच्या लग्नाची पत्रिका हाती आली. पत्त्यात नुसतं ‘तळेगाव, जि. पुणे’. याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे आहे, त्यामुळे पाहुणे चुकतील ती गोष्ट वेगळीच. पण मला लागलं ते ‘तळेगाव दाभाडे’तलं ‘दाभाडे’ गळाल्याचं. स्टेशनाच्या पाटीवर ‘तळेगाव’ एवढंच आहे, नव्या सोसायट्यांच्या कमानींवरही तेच दिसतं.

हे आडनाव गावाला उगाच चिकटलेलं नाही. बऱ्हाणपूर-सुरत हा मोगलांचा व्यापाराचा रस्ता इथल्या मराठा सरदार खंडेराव दाभाड्यांनी रोखून धरला. त्यांच्यावर दख्खनचा मोगल सुभेदार सय्यद हुसेन अलीने फौज धाडली, तेव्हा ती डोंगर-झाडीत ओढून त्यांनी पार बुडवली. तिचा सरदार झुल्फिकार बेग तिथेच पडला. १७१७ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना सेनापतिपद दिलं. गुजरातेत मराठ्यांचा जम बसला त्याचा पाया त्यांनी घातला. बडोद्याचे गायकवाड मुळात दाभाड्यांच्याच पदरचे. दमाजी गायकवाडांनी १७२० मध्ये बाळापूरच्या लढाईत नाव काढलं ते खंडेरावांच्या हाताखाली.

तरीही दाभाडे म्हटलं की लोकांना आठवते ती गुजरातेतल्या डभईची लढाईच. १ एप्रिल १७३१ ला खंडेरावांचे पुत्र त्र्यंबकराव तिथे बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना पडले. खंडेराव तर १७२९ मध्येच वारले होते. मुलाच्या एका लढाईने बापाचं आयुष्यभराचं काम झाकून टाकावं, हा मला अन्याय वाटतो. आणि खंडेरावांच्या पत्नी उमाबाई! नवरा गेला, दोन वर्षांत कर्ता मुलगा गेला, तरी १७३२ मध्ये ही बाई फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेली. धाकटे यशवंतराव नावाचे सेनापती, कारभार मात्र आईसाहेबांचा. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्यांवरही त्यांचं नाव कोरलेलं आहे.

घर घेऊन इथे नव्याने आलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एका रविवारी मुलांना बनेश्वराच्या देवळात न्या आणि तिथल्या दाभाड्यांच्या समाध्यांपुढे थोडं थांबा. मग चाकण रस्त्याने इंदुरीला जा, इंद्रायणीकाठची खंडेरावांची गढी दाखवा. बुरुजांवर झाडं वाढली आहेत. ती मुळं दगड फोडायच्या आत काढली पाहिजेत. पुरातत्त्व खात्याने आणि गावकऱ्यांनी मिळून हे काम येत्या पावसाळ्याआधी हाती घ्यावं.

पत्रिकेचं म्हणाल, तर ती मी पुन्हा छापून घेतली आहे, पूर्ण नावासह.

आपला,
एक वाचक, तळेगाव दाभाडे