भाऊ, सरगमच्या स्क्रिप्टसाठी मनापासून आभार

नागपूर

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण, तुम्ही लिहून दिलेली सरगमची स्क्रिप्ट. म्यूझस्कोअरमध्ये (स्वरलेखनाच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये) उतरवलेल्या गाण्यातल्या प्रत्येक स्वराखाली सा-रे-ग-म आपोआप छापणारी ती क्यूएमएल फाइल (म्यूझस्कोअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) आता समूहगानाच्या आणि वाद्यवृंदाच्या सगळ्या प्रतींसाठी रोज वापरात आहे. तुमचे आभार तोंडी मानून झाले. पण नागपुरात स्टाफ (पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी) आणि सरगम अशा दोन्ही लिप्यांत काम करणारे आणखीही आहेत. तुम्ही नेमकं काय केलंत ते त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र जाहीर.

कोड लिहायच्या आधी तुम्ही एकच विचारलंत: "हे वाचणार कोण?" वाचणारी मुलं स्टाफ वाचत नाहीत, अक्षर वाचतात. अक्षर चुकलं तर मूल चुकीचाच स्वर पाठ करतं, आणि वर स्टाफवरची टिंबं बरोबर असून उपयोग होत नाही. पुढचं सगळं तुम्ही या एका गोष्टीवरून ठरवलंत.

पहिला निर्णय, अक्षर पिचवरून (स्वराच्या उंचीच्या आकड्यावरून) काढायचं की टीपीसीवरून, हा. टीपीसी म्हणजे स्वर कागदावर कोणत्या नावाने लिहिलाय ते: सी १४, जी १५, एफ १३, असा पंचमांच्या क्रमाने आकडा. सी शार्प आणि डी फ्लॅट तिथे वेगळे राहतात, म्हणून इंग्रजी नावं छापायची तर टीपीसीच हवा. सरगमला मात्र बाराच घरं. एफ शार्प लिहा की जी फ्लॅट, पांढरी एकच्या, म्हणजे सी या, 'सा'ला तो तीव्र मध्यमच. म्हणून तुम्ही नोटचा पिच घेतलात, जिथे मधला सी म्हणजे ६०. बी फ्लॅट क्लॅरिनेटलाही (त्याचा स्वर लिहिलेल्यापेक्षा खाली वाजतो) त्यामुळे अडचण येत नाही, कारण पिच हा प्रत्यक्ष वाजणारा स्वर असतो. टीपीसी मात्र कॉन्सर्ट पिचचं (स्वर प्रत्यक्ष वाजतो तसे दाखवणारं) बटण दाबलेलं आहे की नाही त्यावर बदलतो. बँडमधल्या वादकांना इंग्रजी नावं छापून देणाऱ्यांनी हे बटण आधी पाहावंच.

मग तो मंद्र (खालच्या सप्तकातला) निषाद. काळी एकचा (सी शार्पचा) 'सा' म्हणजे ६१. त्याखालचा निषाद ६०, फरक उणे एक. जावास्क्रिप्टमध्ये (स्क्रिप्टच्या भाषेत) उणे एकला बाराने भागून बाकी काढली तर अकरा येत नाही, उणे एकच येते. बारा स्वरांच्या यादीत त्या क्रमांकाचं घर नसतं, आणि स्वराखाली 'अनडिफाइन्ड' छापलं जातं. मध्य सप्तकातली सगळी गाणी नीट चालतात, 'सा'च्या खाली उतरलं की बिघडतं, म्हणून ही चूक उशिरा सापडते. तुमचा उपाय: बाकी काढा, तीत बारा मिळवा, पुन्हा बाराची बाकी काढा. सप्तक काढतानाही भागाकार नुसता तोडायचा नाही, मॅथ डॉट फ्लोअरनेच खालच्या पूर्णांकावर आणायचा. तोडला तर मंद्र निषादाचं सप्तक शून्य येतं आणि तो मध्य निषाद म्हणून छापला जातो. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण तिथे अक्षर बरोबर दिसतं.

सगळ्यात जास्त आभार खुणांसाठी. भातखंडे पद्धतीत कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली ठिपका, तारेला (वरच्या सप्तकाला) वर ठिपका. आडव्या रेघेसाठी तुम्ही युनिकोडमधलं अनुदात्ताचं चिन्ह, ०९५२, वापरलंत आणि उभ्यासाठी ०९५१: रे॒, ग॒, म॑. मंद्राला नुक्ता (अक्षराखालचा ठिपका), तारेला अनुस्वार. इथे क्रमच सगळं ठरवतो. तयार 'नि'ला शेवटी नुक्ता चिकटवला तर तो वेलांटीच्या मागे जातो. मग फाँट आणि प्रोग्रॅम पाहून कुठे ठिपका भलतीकडे सरकतो, कुठे ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटतं. म्हणून तुम्ही यादीत स्वर अखंड ठेवलेच नाहीत. व्यंजन वेगळं, मात्रा वेगळी, खूण वेगळी. जोडायचा क्रम असा: व्यंजन, नुक्ता, मात्रा, अनुस्वार, सर्वांत शेवटी रेघ. त्यामुळे मंद्र कोमल निषाद ऩि॒ असा स्वच्छ येतो आणि तार कोमल गंधार गं॒ असा. तारेतला तीव्र मध्यम अजून जरा दाटीचा दिसतो, त्याला पॉइंट साइज वाढवावाच लागतो. फाँट नोटो सॅन्स देवनागरी. तो स्टाइलमध्ये ठरवून ठेवल्यामुळे दुसऱ्या संगणकावर फाइल उघडताना फक्त तो फाँट तिथे आहे ना एवढंच पाहायचं.

नावं स्टाफ टेक्स्ट (स्टाफला जोडलेला सुटा मजकूर) म्हणून न घालता लिरिक्स (स्वरांखालचे गाण्याचे शब्द) म्हणून घातलीत, हेही फार बरं झालं. स्टाफ टेक्स्टला स्वरांमधलं अंतर वाढवता येत नाही. जलद तानेत अक्षरं एकमेकांना ढकलतात आणि पायऱ्या चढल्यासारखी वर जातात. लिरिक्स एका ओळीत राहतात आणि जागा कमी पडली तर माप (दोन उभ्या रेघांमधला भाग) स्वतःच रुंद होतं. गाण्याचे शब्द पहिल्या ओळीत असतातच, म्हणून व्हर्सला (ओळीच्या क्रमांकाला) १ दिलंत. मोजणी शून्यापासून असल्याने १ म्हणजे दुसरी ओळ.

कर्सरच्या (एकेका स्वरावरून पुढे सरकणाऱ्या खुणेच्या) खोड्या थोडक्यात, कारण प्रत्येक नवा माणूस तिथे अडतो. रिवाइंड १ ने निवडलेल्या भागाच्या सुरुवातीला जायचं आणि त्यानंतरच स्टाफ आणि व्हॉइस (एकाच स्टाफवरचे स्वरांचे वेगळे थर) ठरवायचे. आधी ठरवले तर रिवाइंड ते पुसून टाकतं आणि एकाच स्टाफवर नावं पुन्हा पुन्हा पडतात. प्रत्येक स्टाफला व्हॉइस चार, तेही सगळे फिरायचे. निवड अगदी शेवटच्या मापापर्यंत असली तर निवडीच्या शेवटी नेणाऱ्या रिवाइंड २ नंतर टिक (वेळेतल्या जागेचा आकडा) शून्य मिळतो, आणि लूप एकही स्वर न घेता संपतं. तेव्हा शेवट म्हणून प्रतीतल्या शेवटच्या सेगमेंटचा (वेळेच्या तुकड्याचा) टिक अधिक एक धरायचा. टायने (एकच स्वर लांबवणाऱ्या कमानीने) जोडलेल्या दुसऱ्या नोटला टायबॅक असतो, तिला नाव द्यायचं नाही. सगळं काम स्टार्टकमांड आणि एंडकमांड यांच्या मध्ये, म्हणजे फसलं तर एका कंट्रोल-झेडने प्रत पूर्ववत.

कणस्वरांचं (मुख्य स्वराआधी हलकेच लागणाऱ्या स्वरांचं) आम्ही मागितलंही नव्हतं. कर्सर ग्रेस नोटवर (स्टाफवरच्या कणावर) थांबत नाही, ती कॉर्डच्या (मुख्य स्वराच्या) ग्रेसनोट्समध्ये लटकलेली असते. ती तिथून काढून मुख्य स्वराच्या डोक्याशी बारीक अक्षरात, सुपरस्क्रिप्टच्या टॅगमध्ये, तुम्ही बसवलीत. गाणाऱ्या माणसाला कण किती मोलाचा, हे तुम्ही जाणलंत.

आता मुलींच्या पथकासाठी काळी चारची (जी शार्पची) प्रत निघते. 'सा' ६८ ठेवला तेव्हा पानभर मंद्राचे ठिपके आले. ५६ केल्यावर सगळं जागेवर. पान ठिपक्यांनी भरलं की 'सा' एका सप्तकाने चुकला, हे तुम्हीच शिकवलेलं.

फाइलच्या सुरुवातीला स्वतःचं नाव घालायला तुम्ही नको म्हणालात. म्हणून तिथे एवढंच लिहिलं आहे: "भाऊंनी दिली, नागपूर. 'सा' बदलायचा तर फक्त सातवी ओळ बदला."

तुमचे ऋणी,
प्रती तयार करणारे आम्ही सगळे